तीन रंगांची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. सोलापुरात विड्या वळून पोट भरणाऱ्या सावित्रम्माच्या दारातली. येणारेजाणारे माझा फोटो काढतात. बसायला म्हणाल, तर कुणी टेकत नाही.

जन्मानं मी खुर्ची नव्हे. सावित्रम्माच्या नवऱ्याचा हातमाग होता, त्यातलं मी सागवान. माग बंद पडला, पुढं नवराही गेला. लाकूड विकत घ्यायला माणूस दारात आला तेव्हा ही म्हणाली, "चुलीत घालायला देणार न्हाय." चन्नप्पा सुताराकडून तिनं माझी खुर्ची करून घेतली. रूपानं मी धड नव्हते, कबूल. पण भक्कम होते.

तिचे गुडघे गेलेत. खाली बसली की उठवत नाही. मांडीवर भलंमोठं सूप, त्यात तंबाखू नि कापलेली पानं घेऊन ती माझ्यावर बसायची ती ऊन उतरेपर्यंत. हात विड्यांवर, तोंड गल्लीभर.

मग ऑगस्ट आला. गल्लीतल्या महिला मंडळानं स्पर्धा ठेवली, 'टाकाऊतून टिकाऊ'. सून वैजयंती म्हणाली, "अत्तम्मा, खुर्ची रंगवू का?"

"रंगव की. लई मळलीय."

मी टाकाऊ? रोज एक बाई माझ्यावर बसून घर चालवते, आणि मी टाकाऊ! पण खुर्चीला कोण विचारतंय.

सावित्रम्मा विड्या द्यायला कारखान्यात गेली नि इकडं माझं सोंग झालं. पाठ केशरी, पाय हिरवे, बसायची फळी पांढरी आणि त्या फळीवर मधोमध निळं चक्र. बसायच्या फळीवर, बाई! वाईट मनानं नाही केलं तिनं, जीव ओतून केलं. म्हणून तर मला धड शिव्याही देता येईनात.

पहिला नंबर आला. टाळ्या झाल्या. घरी आणल्यावर सावित्रम्मा सूप घेऊन आली, बसायला वाकली आणि तशीच थबकली.

"ह्याच्यावर कसं बसू गं? झेंडा हाय."

"नुसता रंग हाय तो, अत्तम्मा. बसा की."

"तू बस बघू आधी."

वैजयंती पुढं झाली, पदर सावरला आणि मागं सरली.

दुसऱ्या दिवशी ती काचकागद घेऊन आली. सासूनं तो हिसकावलाच. "झेंडा खरवडतीस? लाज हाय का?"

"मग वरनं दुसरा रंग मारते."

"म्हंजे झेंडा पुसतीस. एकच झालं की!"

संपलं. बसायचंही नाही, पुसायचंही नाही. वैजयंतीनं प्लास्टिकची खुर्ची आणली, तर त्या खुर्चीच्या बाजूच्या दांड्यांत सूप अडकायला लागलं. शेवटी सावित्रम्मा जमिनीवर बसली. उठताना भिंत धरते, ओठ आवळते, अर्ध्यात थांबते. वैजयंती धावत येऊन काखेत हात घालते. वैजयंती माझ्याकडं बघतही नाही.

रंगवा, कोण नको म्हणतंय? भिंती रंगवा, दारं रंगवा. पण जिच्यावर दमलेलं माणूस बसतं, तिचा देव करू नका. मला पूजेची हौस नव्हती.

रोज सकाळी कामाला बसायच्या आधी सावित्रम्मा माझ्यापुढं येते. पायातली चप्पल काढते. दोन्ही हात जोडते आणि भिंतीला धरून हळूहळू खाली बसते.

नमस्कार नको गं बाई मला. बस.