फोटोची कोरी पाठ

जुने फोटो दुरुस्त करणाऱ्या टचिंगमास्तरांच्या दुकानाचा एक शिरस्ता होता. फोटोच्या पुढच्या बाजूला काय दिसायचं ते दिसो, मागच्या बाजूला पेन्सिलीने खरं तेच लिहायचं. ‘उजवा कान धाकट्या भावावरून घेतला.’ ‘कपाळावरचा डाग पाण्याचा, काढला. गालावरचा तीळ जन्माचा, ठेवला.’ मग फ्रेम भिंतीवर चढे आणि मास्तरांचं बारीक अक्षर भिंतीकडे तोंड करून जन्मभर उभं राही. ते वाचायला कोणी येत नसे.

“बाबा, भिंतीला वाचता येतं का हो?” सूनबाई विचारी.

“भिंतीला कान असतात म्हणतात ना? मग डोळे का नसावेत?”

दुकानात येणारे बहुतेक फोटो गेलेल्या माणसांचे. पाण्यात भिजलेले, वाळवीने खाल्लेले, नाहीतर कुठल्याशा समारंभाच्या गर्दीत चौथ्या रांगेत उभे असलेले. त्यातला एक चेहरा उचलून, पुसून, उजळून माणसाच्या हाती द्यायचा, हे मास्तरांचं तीस-पस्तीस वर्षांचं काम. पूर्वी ब्रशने करत, पुढे कॉम्प्युटरवर. रीत मात्र तीच. आधी घरच्या माणसाला खिडकीजवळच्या स्टुलावर बसवायचं आणि बोलतं करायचं. रागावली की ओठ आत घ्यायची का? हसताना डोळे मिटायचे का? आणि तुमच्यात तिच्यावर कोण गेलंय? मास्तर म्हणत, माणूस जातं, चेहरा जात नाही. तो घरातच फिरत असतो. बापाची हनुवटी पुतण्याकडे निघते, आजीचं कपाळ नातीकडे. शोधणाऱ्याला तेवढा धीर हवा.

धीर होता, पण डोळे थकले होते. एकाचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यावर धुकं. माउसवरचा हातही आताशा थरथरे. समोरच्या दुकानातला फोटोवाला तासाभरात फोटो देई आणि मास्तरांकडे आठवडा लागे. म्हणून सूनबाईने न विचारताच सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आणून बसवली.

“चौदा दिवस फुकट,” ती म्हणाली. “मग दर महिन्याला पैसे भरायचे, नाहीतर बंद.”

“म्हणजे आधी गोडी लावायची आणि मग ताट ओढायचं.”

“बाबा, तुम्ही तरी पहिल्या फोटोचे पैसे पूर्ण घेता का?”

मास्तर हसले. सून हजरजबाबी होती आणि दुकान आता तिच्याच जिवावर चाललं होतं. पासपोर्ट फोटो तीच काढी, गिऱ्हाइकं तीच सांभाळी. ‘बघू’ असं म्हणून त्यांनी विषय बाजूला सारला.

पाचव्या दिवशी नर्सबाई आल्या. चाळिशीच्या, सरळ पाठीच्या, कमी बोलणाऱ्या. पाकिटातून त्यांनी एक फोटो काढला आणि काउंटरवर असा ठेवला, की जणू त्याला ठेच लागेल. कागद पिवळा, कडा कुरतडलेल्या. दारात उभी एक तरणी बाई, खळखळून हसणारी, आणि हसता हसता तोंडावर आडवा धरलेला हात. डोळे दिसत होते, कपाळ दिसत होतं. हसू हाताआड होतं.

“आई,” नर्सबाई म्हणाल्या. “मी दोन वर्षांची असताना गेली. तेव्हा सव्वीस वर्षांची होती. आता मी तिच्याहून कितीतरी मोठी झाले. हा एकच फोटो आहे. हात काढता येईल का?”

मास्तरांनी नेहमीचं विचारलं. मावशी? मामा? आईकडचं कोणी? कोणी नव्हतं. नर्सबाई स्वतः आईवर गेल्यात का, हे सांगणारंही कोणी नव्हतं. खरं तर तिथे ‘हात हलणार नाही’ असं सांगून फोटो परत द्यायचा. आजवर असे कितीतरी दिले होते. पण सूनबाईने तेवढ्यात फोटो स्कॅन केला, हाताभोवती रेघ ओढली आणि एक बटण दाबलं. पडद्यावर चक्र फिरलं, थांबलं. हात गेला होता. तिथे ओठ होते, शुभ्र दात होते, डाव्या गालाला नाजूक घडी होती. सव्वीस वर्षांची आई नर्सबाईंकडे बघून उघड्या तोंडाने हसत होती.

नर्सबाई पडद्याजवळ वाकल्या. मग त्यांनी मास्तरांकडे पाहिलं.

“आई अशीच हसायची ना हो?”

ज्याने त्या बाईला उभ्या जन्मात पाहिलं नाही, त्याला हा प्रश्न. पण तहानलेल्याला ओंजळीतलं पाणी कुठल्या आडातलं ते कोण सांगत बसतं? मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, “हो.”

प्रिंट निघाली, फ्रेम झाली. पेन्सिल मास्तरांच्या कानामागे होती, ती तिथेच राहिली. फोटोची पाठ कोरी गेली.

बाराव्या दिवशी एक म्हातारे बसड्रायव्हर आले. त्यांच्या थोरल्या भावाच्या फोटोला बुरशी लागली होती, नाकाखालचा भाग खलास. सूनबाईने बटण दाबलं, चक्र फिरलं, भाऊ हसला. “दोन दिवसांनी फ्रेम करून ठेवते,” म्हणून तिने ड्रायव्हरकाकांना पाठवलं आणि प्रिंट टेबलावर ठेवली. शेजारीच नर्सबाईंच्या आईची नमुन्याची प्रत पडली होती.

मास्तरांना एक जुनी खोड होती. काम झालं की काळ्या कागदाची पट्टी फोटोतल्या डोळ्यांवर ठेवायची आणि नुसतं तोंड बघायचं. नुसत्या तोंडावरूनही माणूस ओळखू आलं तर काम खरं. मशीनचं काम म्हणून त्यांनी इतके दिवस पट्टी बाहेर काढली नव्हती. आज सहज काढली. एक पट्टी ड्रायव्हरच्या भावावर ठेवली, एक त्या तरण्या आईवर.

दोन्ही फोटोंत एकच तोंड हसत होतं. तोच वरचा ओठ, त्याच दातांची ओळ, डाव्या गालाला तीच घडी. भावाला वरून नुसत्या मिशा चिकटवलेल्या.

“सूनबाई,” मास्तर म्हणाले, “जरा इकडे ये.”

तिने पाहिलं. “योगायोग असेल, बाबा.”

“असेल.”

“थांबा, हातच्या काकणाला आरसा कशाला?” तिने मोबाइल उचलला, तोंडावर हात आडवा धरला आणि स्वतःचा फोटो काढला. कॉम्प्युटरवर घेतला, हाताभोवती रेघ ओढली, बटण दाबलं. हात गेला. सूनबाईच्या पुढच्या दोन दातांत चांगली फट होती. तिच्या नवऱ्याला ती फट फार आवडे. पडद्यावर फट नव्हती. होती ती तीच शुभ्र ओळ आणि डाव्या गालाला घडी.

“अगंबाई, मी बरी दिसते की हो!” ती हसली. मग सासऱ्यांचा चेहरा पाहून तिचं हसू आपोआप विरलं. तिने जिभेने दातांतली फट चाचपून पाहिली.

“नर्सबाईंना सांगायला हवं,” मास्तर म्हणाले.

“कशाला? सुखात आहेत त्या. एकदा खोटं बोललात, आता खरं बोलून त्यांचं काय भलं करणार? दिलेली आई काढून घेणार त्यांच्याकडून?”

मास्तरांनी दोन्ही पट्ट्या उचलून ठेवल्या. बोलली ते काही चूक नव्हतं. मग म्हणाले, “त्यांना मुलगी आहे, ऑर्डरच्या फॉर्मवर घरच्यांत लिहिलंय त्यांनी. ती पोर उद्या आरशापुढे उभी राहून त्या हसण्यात स्वतःला शोधील. सापडणार नाही तिला. आणि का सापडत नाही, ते फक्त मला ठाऊक असेल.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पत्ता शोधत गेले. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, गॅलरीत वाळत घातलेला पांढरा गणवेश, कोपऱ्यात शाळेचं दप्तर. फोटो दारासमोरच्या भिंतीवर होता. ड्युटीवर निघताना शेवटचा दिसावा आणि घरी येताना पहिला, अशा जागी.

मास्तरांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्या उभ्या सांगून टाकलं. मशीन काय करतं ते सांगितलं, ड्रायव्हरच्या भावाचं सांगितलं, सुनेच्या दातांचं सांगितलं.

“मग हे तोंड कोणाचं?” नर्सबाईंनी विचारलं.

“कोणाचंच नाही.”

“तुम्ही हो म्हणालात.”

“म्हणालो. त्या फोटोत माझं असं तेवढंच होतं. बाकी सगळं मशीनचं.”

नर्सबाई भिंतीकडे बघत राहिल्या. “मीही रोज खोटं बोलते, मास्तर. वॉर्डात. बरे व्हाल, घरी जाल, असं म्हणते. लोकांनाही कळतं आणि मलाही कळतं, तरी आम्ही बोलतो. पण आपल्याशीही कोणी तसंच बोलेल, हे माझ्या मनात आलं नाही.” आणि त्या हसल्या. ते हसणं कडू होतं, तुटकं होतं; पण ते यायच्या आधी त्यांचा उजवा हात उठला आणि तोंडावर आडवा झाला.

मास्तर बघतच राहिले. जुन्या फोटोतल्या हाताचा तोच कोन, तीच वाकलेली करंगळी.

“बाई, तो हात...”

“कुठला हात?” त्यांनी हात खाली घेतला, त्याच्याकडे पाहिलं. “माझे पुढचे दात एकावर एक आहेत. लहानपणापासूनची सवय आहे.”

“दुकानात या. खिडकीजवळ बसा. मी...”

“तुम्ही जा आता, मास्तर.”

“मागच्या बाजूला लिहू द्या निदान. तेवढं राहिलंय.”

“फ्रेमला हात लावू नका.”

दार आपटलं गेलं नाही. हळूच लागलं. आपटलं असतं तर मास्तरांना जिना उतरणं सोपं गेलं असतं.

चौदाव्या दिवशी सकाळी सूनबाई पैसे भरायचं पान उघडून बसली होती. “दुपारी बारापर्यंत मुदत आहे. काय करायचं ते सांगा. आणि रागाच्या भरात सांगू नका, दुकान आपल्या दोघांचं आहे.”

मास्तरांनी ड्रायव्हरच्या भावाची प्रिंट पालथी घातली आणि कानामागची पेन्सिल काढून तिच्या हातात दिली. “लिही. तोंड कोणावरून घेतलं?”

सूनबाईने पेन्सिल टेकवली. “मशीनवरून, असं लिहू?”

“मशीनला कोणी दिलं?”

“लाखो फोटो दाखवून शिकवतात म्हणे त्याला.”

“मग त्या लाखांची नावं लिही.”

पेन्सिलीचं टोक कागदावर टेकून राहिलं. बारीक काळा ठिपका उमटला, त्यापुढे काही नाही. खाली रस्त्यावर कोणीतरी शटर वर ढकललं. समोरचं दुकान उघडलं.

“तो हसेल आपल्याला,” ती म्हणाली.

“हसू दे. त्याचं हसू तरी त्याचं आहे.”

“आणि तुमचे डोळे? ते काय सांगतात? अजून किती दिवस?”

“डोळे तुझे, हात तुझा. मी मागे बसून सांगतो. मी शिकलो तोही असाच. एका म्हाताऱ्याची बोलणी खात.”

“बोलणी खायची सवय आहे मला,” सूनबाई म्हणाली. पण तिने ते पान लगेच बंद केलं नाही. थोडा वेळ त्या बटणाकडे बघत बसली. आठवड्याचं काम एका मिनिटात करणारं बटण. हातचं सोडून देणं कोणाला सोपं आहे? बारा वाजता ते आपोआप फिकं पडलं. मग तिने ड्रायव्हरकाकांना फोन लावला. “काका, फोटोला वेळ लागेल. आणि उद्या तुम्हीच या. दाढी करून या, तुमचं तोंड हवंय.”

आठ दिवस गेले. ड्रायव्हरकाकांचं काम झालं, आणखी दोन गिऱ्हाइकं ‘आठवडा लागेल’ ऐकून समोर गेली. नर्सबाई आल्या नाहीत. मास्तर रोज सकाळी खिडकीजवळचं स्टूल पुसत.

नवव्या दिवशी त्या आल्या, ड्युटीवरून थेट, गणवेशातच. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम. ती काउंटरवर ठेवून, कोणी सांगायच्या आधी स्टुलावर जाऊन बसल्या.

“मुलीला सांगितलं सगळं,” त्या म्हणाल्या. “तिने जुना फोटो मागून घेतला. बघत बसली आणि म्हणाली, ही तर तुझ्यासारखाच हात धरते. इतकी वर्षं फोटो माझ्याजवळ होता, मला दिसलं नव्हतं.” मग म्हणाल्या, “पण दात तसेच होते की नव्हते, ते आता कोण सांगणार?”

“कोणी नाही,” मास्तर म्हणाले.

“बरं. चालेल.”

फोटोसाठी हसणं काही त्यांना येईना. शेवटी सूनबाई कॅमेऱ्याआडून म्हणाली, “बाबांनी आयुष्यातला पहिला समारंभ केला ना, तेव्हा लेन्सचं झाकण काढायचंच विसरले. तीन तास फोटो काढले. घाम पुसत पुसत.” नर्सबाईंना हसू फुटलं, आणि हात वर गेला.

“राहू द्या,” मास्तर म्हणाले. “घाई नाही. आता हळूच खाली.”

हात उतरला. हसू अजून होतं.

चार दिवस काम चाललं. सूनबाईच्या हातात माउस, मास्तर मागे. “ओठ जरा खाली. सव्वीसची आहे ती, चाळिशीची नाही. गाल भर. दातांना हात लावू नकोस, आहेत तसे एकावर एक राहू दे.” शेवटी त्यांनी काळी पट्टी डोळ्यांवर ठेवली आणि नुसतं तोंड पाहिलं. ओळखीचं होतं.

नर्सबाईंनी फोटो घेतला. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही. बराच वेळ पाहिला आणि मग उलटा केला. मागे सूनबाईचं टपोरं अक्षर होतं:

‘डोळे, कपाळ, केस आईचे. तोंड मुलीवरून. आईचं असंच असावं असं वाटतं. माहीत नाही.’

त्यांनी ते दोनदा वाचलं. शेवटच्या शब्दांवर अंगठा ठेवून क्षणभर थांबल्या.

“मास्तर, फ्रेमला मागूनही काच लावता येते का?”

“मागून?” मास्तरांनी पस्तीस वर्षांत हे पहिल्यांदा ऐकलं. काच मोजायची पट्टी ते टेबलावर चाचपू लागले. सूनबाईने ती उचलून त्यांच्या हातात दिली.