कुटुंब पोरीकडंच हाय

सोनियाचं घर एका शब्दानं अडलं होतं, आणि तो शब्द तिच्या वडिलांच्या तोंडचा होता.

तरुणांसाठीच्या सरकारी योजनेच्या सोडतीत तिला चिकलठाण्याच्या पुढं एक लहानसा फ्लॅट लागला होता. ती औषधाच्या कंपनीत तपासणी विभागात होती आणि चिकलठाण्यातच भाड्याच्या खोलीत राहायची. कामावर जाता-येता त्या इमारतीचे मजले एकावर एक उभे राहताना तिनं रोज पाहिले होते. मग पडताळणी निघाली. योजनेच्या कार्यालयातल्या पुंडलिकरावांनी फुलंब्रीजवळच्या गावी तिच्या वडिलांना, कारभारींना फोन लावला. "कुटुंब कुठं राहतं तुमचं?"

कारभारींनी खरं तेच सांगितलं. "कुटुंब पोरीकडंच हाय की, चिकलठाण्याला."

कारभारी जन्मभर बायकोला कुटुंब म्हणत आले होते. सोनियाची आई द्वारकाबाई गुडघ्याच्या इलाजासाठी लेकीकडं आल्या होत्या, एवढीच गोष्ट. पुंडलिकरावांनी शेरा मारला, की अर्जदार वडिलांच्या कुटुंबातच राहते आणि त्या कुटुंबाचं गावी पक्कं घर आहे. पक्कं घर असलेल्या कुटुंबाला योजनेतलं घर मिळत नाही. आज सुनावणी होती. आज शेरा रद्द झाला नाही, तर फ्लॅट यादीतल्या पुढच्या नावाला जाणार होता.

"बायकोला बायको म्हणायला काय झालं होतं, आप्पा?" कार्यालयाचा जिना चढताना सोनिया म्हणाली.

"परक्या माणसाला फोनवर बायको म्हणू व्हय? कायतरीच तुजं."

दारातच पुंडलिकराव भेटले. "ताई, कशाला एवढा कुटाणा? लग्न करून टाका, जोडीनं अर्ज भरा. नायतर भावाच्या नावानं बघा."

"सोडतीत भाऊ नाही लागला. मी लागले."

सुनावणी घेणाऱ्या करुणा मॅडमनी कुटुंबाची गोष्ट ऐकली आणि त्यांना हसू आवरेना. पुंडलिकराव मात्र हसले नाहीत. "तरी बी मॅडम, बिनलग्नाची पोरगी बापाच्याच कुटुंबात धरायची ना?"

"या योजनेत नाही धरत," सोनिया म्हणाली. "सज्ञान कमावती व्यक्ती वेगळं कुटुंब असते, लग्न झालेलं असो वा नसो. तुमच्याच भिंतीवर लावलंय."

मॅडमनी मान वळवून भिंतीवरचा फलक वाचला. "बरोबर आहे. पण वडिलांचा जबाब लागेल. काका, मुलगी तुमच्यापासून वेगळी आहे का?"

कारभारींचा चेहरा उतरला. त्यांच्या घरात वेगळं व्हायचा अर्थ एकच होता. त्यांचा भाऊ वेगळा निघाला, त्या दिवशी अंगणाच्या मधोमध भिंत उभी राहिली आणि पुढं दोघं एकमेकांच्या दारात गेले नाहीत.

"पोरी कुठं वेगळ्या निघत्यात, मॅडम? त्यांना देत्यात."

येताना बसमध्ये सोनियाला त्यांच्याकडून चार वाक्यं घोटून घेता आली असती. पण पढवलेला जबाब तिला नको होता. आता घर जातंय असं दिसत असतानाही तिनं त्यांना खूण केली नाही.

कारभारींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "वेगळी हाय," ते शेवटी म्हणाले. "सोताचं कमावती, सोताचं खाती. मला इचारून तिनं कवाच काय केलं नाय."

पुंडलिकरावांनी भराभरा लिहिलं आणि वाचून दाखवलं, "वडिलांशी पटत नसल्याने मुलगी विभक्त राहते." मॅडमनी सहीसाठी पेन उचललं.

"थांबा," सोनिया म्हणाली. "हे खोटं आहे. आमचं पटतं."

"आवो ताई, कारण लागतं! भांडण लिहिलं की फाइल सुटती. समद्यांचं असंच लिहितो मी."

"माझं नका लिहू."

"राहू दे, सोने," कारभारी हळूच म्हणाले. "कागदावरच तर हाय."

"कागदावरही नको, आप्पा."

"घर जाईल बरं का!" पुंडलिकराव वैतागले. "लई शाणपणा चांगला नसतो."

न घेतलेलं माप लिहून आणलं, तर सोनिया तपासणी विभागात हाताखालच्या माणसाला दारातूनच परत पाठवत असे. ती मॅडमकडं वळली. "घर नियमानं माझं आहे. ते मिळायला माझं बापाशी वाकडं असायची गरज नाही. मी कमावते, म्हणून माझं कुटुंब वेगळं. नियमात एवढंच कारण आहे, तेवढंच लिहा. नाहीतर शेरा कशासाठी ठेवला ते मला लेखी द्या, मी वर जाईन."

मग कारभारींनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"लिवा मॅडम, ती म्हणती तसंच. ती हलायची नाय आन् आता मी बी नाय."

मॅडमनी पुंडलिकरावांकडं पाहिलं, ती ओळ आपल्या हातानं खोडली आणि वर लिहिलं, "अर्जदार स्वतः कमावती असल्याने स्वतंत्र कुटुंब. शेरा रद्द." सही करून त्यांनी कागद कारभारींच्या सहीसाठी पुढं सरकवला.

पुंडलिकराव अजून घुश्शातच होते. "आता यांच्या नावापुढं नात्याच्या रकान्यात काय लिहू? वेगळी झाली म्हणता ना?"

"वडील लिवा," कारभारी म्हणाले. "ते कुणी खोडलंय?"