अळणी भगर

मथुराबाईचं पाकिस्तानशी काडीचंही वाकडं नव्हतं. तरी पासष्टच्या लढाईत त्या देशाशी व्यापार बंद झाला आणि फटका बसला तो सोलापुरात तिच्या एकादशीच्या भगरीला. तिच्या माहेरी, मंद्रूपला, उपवासाला साधं मीठ चालत नसे, सैंधवच लागे. आणि सैंधवाच्या खाणी पडल्या सरहद्दीपलीकडे! शंकरप्पा वाण्यानं दुसरीकडचा काळपट खडा दाखवला, तो तिनं नाक मुरडून परत केला.

एकादशीला ती आणि शेजारची काशम्मा एकाच ताटात जेवायच्या. दोघी विधवा, दोघींची मुलं परगावी. पुढच्या वर्षी घरातलं सैंधव संपलं तेव्हा काशम्मानं बिनदिक्कत भगरीत साधं मीठ घातलं. मथुराबाई भडकली.

"बाटवलास की गं उपास! तुझ्या ताटाला मी आता हात लावायची न्हाय."

काशम्मा ताट उचलून आपल्या घरात गेली, ती पुन्हा आली नाही.

तेव्हापासून मथुराबाई एकटीच अळणी भगर गिळू लागली. लढाई मिटली, करार झाला, मधे आणखी एक लढाई होऊन गेली. बंदी उठवायचं मात्र कुणाला सुचेना. दिल्लीवाल्यांना कुठं भगर खायची होती! सरकारच्या हट्टाला ती शिव्या घाले, स्वतःच्या हट्टाला मात्र व्रत म्हणे. भिंतीपलीकडे काशम्माचं भांडं वाजलं की ती उचललेला घास परत ताटात ठेवी. "ये गं" एवढंच म्हणायचं होतं, पण जीभ रेटत नव्हती.

पंचाहत्तर साली बंदी उठली. शंकरप्पानं हाक मारून सांगितलं, "आलं बघा तुमचं सैंधव!" एकादशीला तिनं ते कुटून भगरीत घातलं आणि ताट घेऊन थेट काशम्माच्या दारात उभी राहिली.

काशम्मा सुजलेले पाय पसरून बसली होती. ताटाकडे बघत म्हणाली, "अय्यो, मला न्हाय चालत गं. डाक्टरनं मीठ बंद केलंय. कसलंच न्हाय." मग हळूच विचारलं, "दोन महिने झाले, अळणी घास उतरत न्हाय. तू नऊ वर्षं कसं खाल्लंस?"

मथुराबाई ताट खाली ठेवून तिच्याजवळ बसली. तिनं डोळ्यांना पदर लावला.

"मिठावाचून काय अडलं न्हाय गं," ती म्हणाली. "एकटीनं खाणं लई जड गेलं."