सदतीस खोटे इशारे

“अंगठा ओळखता आला नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा,” दार म्हणालं.

आवाज बाईचा, गोड, कसलीच घाई नसलेला. दाराच्या आत काहीतरी आदळून फुटलं. आमच्या अपडेटरावांनी अंगठा पँटला पुसला आणि पुन्हा टेकवला. “अंगठा ओळखता आला नाही,” दार परत म्हणालं. हे कुलूप ह्यांनीच हौसेनं आणून बहिणीच्या दाराला बसवलं होतं. अडीअडचणीला असावा म्हणून स्वतःचाही अंगठा त्यात नोंदवून ठेवला होता.

“माझा अंगठा पुसून टाकलाय ताईच्या नवऱ्यानं,” हे म्हणाले.

आतून वन्सं ओरडल्या. ते ओरडणं मध्येच तुटलं.

“फोडा,” मी म्हटलं. “बघत काय उभे राहिलात? फोडा ते मढं!”

हे जिने उतरून खाली स्कूटरकडे धावले. मी दोन्ही मुठींनी दार बडवत राहिले. मजल्यावरची बाकीची तीन दारं बंदच होती. त्यातल्या एकामागे टीव्हीचा आवाज होता, तो कुणीतरी वाढवला.

हे वर येईपर्यंत सांगून टाकते, नाहीतर आमच्या घरातली भानगड कुणाला कळायची नाही.

माझा नवरा वजनकाटे तपासतो. दुकानांतले, गोदामांतले, दवाखान्यांतले. पेटीत कसोटीची वजनं घेऊन जायचं, एकेक काट्यावर ठेवायचं, चुकला तर दुरुस्त करायचं. दुसरा उद्योग म्हणजे नव्या वस्तूंचं वेड. फोन, घड्याळ, बोलणारे दिवे, जे नवं निघेल ते आधी आमच्या घरी. ऑफिसात ह्यांना ‘अपडेट’ म्हणतात, मी मागे ‘राव’ जोडलं. आमच्या घरात कुंडीतलं झाडसुद्धा तहान लागली की फोन करतं. मी तापानं फणफणले होते तेव्हा मात्र थर्मामीटरनं ह्यांना कळवलं, मग हे खोलीत आले.

ह्यांचं एक ठरलेलं व्याख्यान होतं. “माणूस लाजेनं खोटं बोलतो, भीतीनं खोटं बोलतो. यंत्राला ना लाज ना भीती. म्हणून विश्वास ठेवायचा तर यंत्रावर.” पाहुणा चहाचा कप खाली ठेवेपर्यंत हे ऐकवून व्हायचं.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा बारा वर्षांच्या त्या पोरीनं ह्यांना न्हाऊमाखू घालून वाढवलं. बहिणीचं नाव काढलं की हे आजही मऊ होतात. गेल्या वर्षी वन्सं ‘न्हाणीघरात पाय घसरून’ पडल्या आणि हात मोडून घेतला. ह्यांनी लगेच मनगटी घड्याळ आणलं. घालणारा माणूस पडला की घड्याळ आपल्या फोनवर इशारा देतं, नाडी दाखवतं, हालचाल दाखवतं.

“ताई, हे काढायचं नाही. झोपतानासुद्धा नाही.”

“नाही रे काढणार,” वन्सं म्हणाल्या. घड्याळावरून बोट फिरवत हसल्या. “पण मी एवढी काय पडतेय?”

त्याच आठवड्यापासून इशारे यायला लागले. संध्याकाळी सातच्या सुमाराला, दिवसाआड. फोन वाजला की हे लगेच बहिणीला फोन लावायचे.

“ताई, पडलीस?”

“छे रे. कपडे आपटत होते.”

पुढच्या वेळी पलंग सरकवत होते. मग डास मारला, जोरात. मग पाट्यावर वाटत होते, कपाटाचं दार अडकलं होतं, मांजर अंगावर आली. वन्संच्या घरी मांजर नाही, हे ह्यांच्या लक्षात आलं नाही. यंत्रावर विश्वास ठेवणाऱ्या माणसानं आयुष्यात एकदाच माणसावर विश्वास ठेवला, तो नेमका इथे.

त्यात ह्यांचा धंदा आडवा आला. पारडं रिकामं असताना काटा हलला तर दोष काट्याचा, हे ह्यांच्या हाडीमांसी भिनलेलं. ताई पडली नाही म्हणतेय आणि घड्याळ पडली म्हणतंय, म्हणजे घड्याळ जास्त हळवं आहे. दुरुस्त करायला पाहिजे. तीन महिन्यांत सदतीस इशारे झाल्यावर ह्यांनी फोनवरून घड्याळाची धक्का ओळखायची जाण अगदी तळाला नेऊन ठेवली. इशारे थांबले. हे खूश झाले आणि नव्या वस्तूंची चर्चा चालते त्या साइटवर लांबलचक परीक्षण लिहिलं. ‘पडण्याचे इशारे शंभर टक्के खोटे. माझ्या बहिणीच्या हातावर तीन महिने पारखले आहेत. मी स्वतः मोजमापं तपासण्याच्या धंद्यात आहे.’ खाली इशारे कसे बंद करायचे त्याची कृती. साडेतीनशे लोकांनी अंगठे उचलले. हे रोज सकाळी मोजत होते.

मला माहीत होतं. हे मी आता सांगते आहे, तेव्हा नाही सांगितलं. एकदा वन्सं आमच्याकडे केस धुवायला बसल्या होत्या आणि त्यांच्या मानेवर चार बोटं उमटलेली मी पाहिली, निळी, मागे वळत गेलेली. वन्संनी माझा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. “माझी शपथ आहे तुला. त्याला सांगशील तर तो मारायला जाईल आणि तुरुंगात बसेल. झाकली मूठ बरी.” मी मूठ झाकली. नवऱ्याचं डोकं गरम आहे, संसार आपला आहे, असा हिशेब मीही केलाच ना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, त्यात तोंड दाबणारा एक हात माझा होता.

आणि त्या रविवारी सकाळी अकरा वाजता फोन वाजला.

“पुन्हा?” हे वैतागले. “जाण तळाला नेलीय मी. एवढ्यावर इशारा यायचा म्हणजे भिंतच अंगावर पडायला हवी.” मग त्यांनी पडदा नीट पाहिला. “हालचाल नाही म्हणतंय. काढून ठेवलं असेल घड्याळ.”

“फोन लावा,” मी म्हटलं.

फोन उचलला गेला नाही. हे पडद्याकडे बघत राहिले आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. “नाडी एकशे बावन्न,” हे म्हणाले. “काढून ठेवलेल्या घड्याळाला नाडी कुठून असणार? हात हलत नाही आणि नाडी धावतेय. म्हणजे...”

“म्हणजे हात कुणीतरी धरून ठेवलाय,” मी म्हटलं, आणि मानेवरची चार बोटं एका दमात सांगून टाकली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी मरेपर्यंत विसरणार नाही. मग आम्ही स्कूटरवर बसलो.

तर हे जिना चढून वर आले ते पाच किलोचं कसोटीचं वजन घेऊन. पोलादी, वर मूठ असलेलं. त्या वजनाला मी एकदा फडकं मारत होते तर हे केवढे खेकसले होते. उघड्या हातानं धरायचं नाही, घामानं वजन बदलतं! आता ते उघड्या हातात होतं. पहिल्या घावाला कुलपाची काच फुटली. “कृपया पुन्हा प्रयत्न करा,” दार म्हणालं. दुसऱ्या घावाला आवाज चिरकला. सातव्या की आठव्या घावाला चौकटीसकट दार आत गेलं.

वन्सं स्वयंपाकघराच्या फरशीवर उताण्या होत्या. दाजी, म्हणजे वन्संचा नवरा, त्यांच्या घड्याळाच्या हातावर गुडघा रोवून बसला होता. दाजी म्हणायला जीभ रेटत नाही, पण दुसरं काय म्हणू? त्याच्या मुठीत गॅसचा पाना होता. वन्संचं तोंड एका बाजूला सरकलेलं, डाव्या कानातून रक्त मानेखाली वाहत होतं. फरशीवर दोन दात पडलेले मी पाहिले.

“काढ म्हणतो तर काढत नाही,” तो आम्हाला म्हणाला, जणू आम्ही तक्रार ऐकायला आलो होतो. “भावाला काय काय कळवते हिचं घड्याळ, मला बघायचंय.”

ह्यांनी वजन त्याच्या खांद्यावर घातलं. हाड काडकन मोडलेलं मला ऐकू आलं. तो कोलमडला, पाना घरंगळत ओट्याखाली गेला. ह्यांनी दुसरा घाव त्याच्या हातावर घातला, ज्या हातात पाना होता त्यावर. मग तिसरा. बोटं चपटी झाली. तो गुरासारखा ओरडत होता आणि हे काट्यावर वजन ठेवावं तसे मोजून घाव घालत होते. मी थांबवलं नाही. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. चौथ्यासाठी वजन उचललं ते डोक्याच्या वर होतं.

“पुरे.”

वन्संचा आवाज होता, रक्तातून आलेला. “पुरे, बाळा. तुरुंगात जाशील.”

ह्यांनी वजन खाली ठेवलं. मग बहिणीचं डोकं मांडीवर घेतलं आणि मोठ्यानं रडले, लहान पोरं रडतात तसे. घड्याळ वन्संच्या मनगटावर होतंच. काच तडकलेली, पण नाडी दाखवत होतं.

खटला उभा राहिला तेव्हा वर्ष उलटलं होतं. जाण कमी केली तरी घड्याळ मनातल्या मनात नोंद करतच होतं. इशारे बंद केल्यावरचे धक्केसुद्धा तारीखवार निघाले. सरकारी वकिलांना वाटलं, एवढा पुरावा पुरे. मग ह्यांची साक्ष झाली आणि दाजीचे वकील एक कागद घेऊन उभे राहिले.

“हे परीक्षण आपणच लिहिलंत?”

“हो.”

“वाचून दाखवता?”

ह्यांनी वाचलं. शंभर टक्के खोटे, हेसुद्धा वाचलं.

“तीन महिने पारखलंत. मोजमापं तपासणं हा आपला धंदा. तेव्हा घड्याळ खोटं होतं आणि आज खटल्यापुरतं खरं झालं, असं समजायचं का आम्ही?”

हे लाकडी कठड्याला धरून उभे होते. हा माणूस पाहुण्याला चहा संपवू देत नसे आणि आज त्याच्याजवळ एक वाक्य नव्हतं. मागच्या बाकावर दाजी आपला वाकडा हात मांडीवर ठेवून बसला होता. तो हसला. मी पाहिलं.

वन्संना बोलवलं तेव्हा त्या उजवा कान पुढे करून उभ्या राहिल्या. डावा कायमचा गेला आहे.

“साहेब, घड्याळ खरं होतं,” वन्सं म्हणाल्या. “खोटं मी बोलत होते. माझ्या भावाचं काही चुकलं असेल तर एवढंच, की त्यानं माझं ऐकलं. ती यादी वाचा तुम्ही. एकेक तारीख वाचा, मी सांगते.”

वकील म्हणाले, याची गरज नाही. न्यायाधीश म्हणाले, वाचा.

पहिली तारीख वाचली गेली. “कपडे आपटत होते म्हणाले,” वन्सं म्हणाल्या. “तेव्हा माझं डोकं दारावर आपटलं होतं.” दुसरी. “पलंग सरकवत होते म्हणाले. पलंगाच्या दांडीवर ढकललं होतं, बरगडी गेली.” तिसरी. “डास म्हणाले. कानाखाली मारली होती.” एक तारीख चुकीची वाचली गेली तर वन्संनी दुरुस्त केली. सातव्या तारखेला टंकलेखन करणारी बाई थांबली, पाणी प्यायली आणि तिनं पुन्हा सुरू केलं. वन्सं थांबल्या नाहीत. सदतीसच्या सदतीस सांगितल्या, आणि मग इशारे बंद झाल्यानंतरच्या. तिथे आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “इथून पुढे भावाचा फोन यायचा थांबला. मग हा मोकळा झाला.”

हे खाली मान घालून ऐकत होते.

दाजीला नऊ वर्षांची शिक्षा झाली. बहिणीच्या जिवावर बेतलं होतं म्हणून ह्यांना कोर्टानं सोडून दिलं. ते वजन मात्र टवका उडाल्यामुळे कसोटीतून बाद झालं. आता आमच्या दाराला अडसर म्हणून ठेवलेलं असतं. दाराला साधी कडी आहे. वन्संच्या बोटांचे ठसे भांडी घासून घासून कधीच गेलेत, तसलं कुलूप त्यांना कधी उघडतच नव्हतं. आपल्याच दाराबाहेर पायऱ्यांवर त्या तासन्‌तास बसून राहायच्या, मग त्यांनी बाहेर पडणंच सोडलं. हेही आम्हाला त्या आमच्याकडे राहायला आल्यावर कळलं.

ह्यांनी परीक्षण पुसलं नाही. त्याखाली लिहिलं, ‘मी चुकलो. घड्याळ खरं होतं. इशारा आला तर जाऊन बघा.’ त्यावर एकही अंगठा उठला नाही. कुणीतरी विचारलंय, मग इशारे बंद करायची नवी पद्धत कोणती?

काल दुपारी वन्संच्या हातून पातेलं निसटलं. हे अंघोळीला गेले होते, ते अर्ध्या साबणानिशी टॉवेल गुंडाळून धावत आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. वन्संची डावी बाजू दाराकडे होती, त्यांना काही ऐकू गेलं नाही. हे हाक मारत नाहीत अशा वेळी. नुसते उभे राहतात. साबणाचं पाणी फरशीवर ठिबकत होतं.

थोड्या वेळानं वन्सं वळल्या.

“काही नाही रे. पातेलं पडलं.”

हे हलले नाहीत. वन्संनी पातेलं उचलून ओट्यावर ठेवलं, हात पुसले, आणि रोज दाखवतात तसे दोन्ही हात पुढे करून दाखवले. आधी तळवे, मग उलटे. मग बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या. ह्यांनी नीट पाहिलं आणि अंघोळ पुरी करायला गेले.