सोबतीचा रकाना

स्वराली दारात उभी राहिली तेव्हा विजयमालेला जाऊन तेवीस दिवस झाले होते. ही मुलगी एका कॉलेजच्या स्पोर्ट्स मेडिसिन विभागात संशोधन करत होती. गुडघे दुखणाऱ्या बायकांनी रोज चालायला सुरुवात केली तर काय फरक पडतो, हा तिचा विषय. माझी बायको विजयमाला त्यात होती. कमरेला पावलं मोजायचं यंत्र लावायचं आणि संध्याकाळी वहीत आकडा लिहायचा. ते यंत्र आणि वही न्यायला स्वराली विश्रांतवाडीला आमच्या घरापर्यंत आली होती.

"घेऊन जा," मी म्हटलं. "वापरणारी गेली, मी काय लोणचं घालू त्याचं?"

पोरगी बिचारी हळूच म्हणाली, "काका, काकूंची वही सगळ्यात नीट आहे. एक्क्याऐंशी दिवसांत एकही चुकलेला नाही. आम्ही ती वापरणार आहोत. फक्त तुमची सही हवी होती."

"माझी कशाला?"

"सोबत चालणारे म्हणून. एकट्या चालणाऱ्यांचा गट वेगळा आणि सोबतीनं चालणाऱ्यांचा वेगळा करतोय. काकू सोबतीच्या गटात आहेत ना!"

मी वही उघडली. तारीख, पावलं, दुखणं किती, आणि शेवटचा रकाना, सोबत कोण होतं. तिच्या त्या गोल अक्षरात प्रत्येक ओळीत 'श्रीनिवास'. पानामागून पान, नुसता मीच.

अहो, मी एक दिवसही गेलो नव्हतो! साडेपाचला ती बूट घालायची आणि दारातून विचारायची, "येताय का? कोपऱ्यापर्यंत तरी?" दोन हजार पाच साल ते. घरात नुकतंच इंटरनेट आलं होतं आणि मी परदेशातल्या कुठल्या तरी माणसाशी बुद्धिबळ खेळत बसायचो. स्क्रीनवरची नजर न काढता म्हणायचो, "गुडघे तुझे दुखतात, माझे नाहीत." मग दार लागल्याचा आवाज यायचा.

"आमचे हे बरोबर असले की चढ कळत नाही, असं काकू म्हणायच्या," स्वराली म्हणाली.

खोटारडी! चौतीस वर्षं मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. प्रयोग न करता निरीक्षणं लिहिणाऱ्या पोरांची जर्नलं भर वर्गात फाडली. उत्तर चुकलं तर चालेल, निरीक्षण खोटं नको, असं ओरडून ओरडून माझा घसा बसायचा. हे सगळं तिला पाठ होतं. तरी माझ्याच घरात बसून तिनं हे लिहिलं.

स्वरालीनं पेन पुढे केलं. सही ठोकली असती तर काय बिघडलं असतं? निदान त्या कागदावर तरी मी जन्मभर तिच्याबरोबर चाललो असतो. मला ते फार हवं होतं. इतकं की पेन हातात घेतलंसुद्धा.

"बस," मी म्हटलं. "वेळ लागेल."

आणि ड्रॉवरमधलं लाल पेन काढलं. पहिल्या ओळीतलं 'श्रीनिवास' खोडलं आणि वर लिहिलं, 'एकटी'. मग दुसरी ओळ. एकटी. एकटी. दुसऱ्या पानावर माझं अक्षर बिघडलं. तिसऱ्यावर डोळ्यांना धड दिसेना. स्वराली "काका, राहू द्या" म्हणाली, पण मी ऐकलं नाही. एक दिवस जायला काय झालं होतं रे तुला, गाढवा?

मग चौदा एप्रिलची ओळ आली आणि हात थांबला.

त्या दिवशी लाइट गेले होते. ऐन डावात कॉम्प्युटर बंद पडला. चरफडत चपला घालून मी खाली उतरलो आणि आळंदी रोडच्या कोपऱ्यावर तिला गाठलं. सबंध रस्ताभर मी वीजमंडळाच्या नावानं बोटं मोडत होतो आणि ती नुसती हसत होती. हे मी साफ विसरलो होतो.

त्या ओळीतली पावलं साऱ्या वहीत सर्वांत जास्त होती. लांबच्या रस्त्यानं नेलं होतं तिनं मला, आणि मला पत्ताही नव्हता.

ती ओळ तशीच ठेवून मी पुढच्या ओळी खोडल्या आणि वही परत दिली. स्वरालीनं पानं चाळली. "काका, ही एक राहिली."

"राहिली नाही. ती खरी आहे," मी म्हटलं. वही मागून घेतली आणि त्या ओळीसमोर सही केली.