राक्षस मेला तेव्हा नाचली नाही ती

मी एक जुना रिमोट आहे, मित्रांनो, आणि थोडा चिडकाही आहे. माझ्या पाठीवरचे झाकण केव्हाच हरवले. सेल पडू नयेत म्हणून मला रबरबँड गुंडाळला आहे. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते पाठीवर छापलेले होते, पण बोटांच्या घामाने तेही पुसले गेले. म्हणून कोणी गाव विचारले तर मी गोव्यातले पेडणे सांगतो, कारण मला पहिल्यांदा खोक्यातून बाहेर काढले ते पेडण्याच्या सुमंगला टीचरांच्या घरी.

त्या घरात माझ्या आवाजाच्या बटणांना फार मान होता. दोन उभ्या रेघांचे, सिनेमा थांबवणारे बटण मात्र कोणी विचारीत नसे. दारात पोदेराचा हॉर्न वाजला की पाव घेण्यापुरते ते दाबायचे, एवढेच त्याचे काम. पुढे घरातले सगळे मोबाइलवर सिनेमे पाहू लागले आणि डीव्हीडी प्लेयरसकट मी फळीवर पडलो. बरीच धूळ खाल्ली. मग एके दिवशी टीचरांनी आम्हा दोघांना पिशवीत घातले आणि डिचोली तालुक्यातल्या आपल्या शाळेत नेले. तिथे त्या नववीला मराठी शिकवीत.

शाळेत माझे नशीब उघडले. टीचरांनी पडद्यावर एक अद्भुत सिनेमा लावला. त्यात डोंगर खाणारा एक राक्षस असतो. तो रोज थोडा थोडा डोंगर खातो, शेतांत दगड पडतात, झरे आटतात. शेवटी एक शूर मुलगी त्याला मारते आणि सारा गाव नाचतो. मुलांना वाटले, आज अभ्यासाला सुट्टी! पण टीचर मध्येच माझ्या दोन रेघा दाबीत आणि विचारीत, "इथे काय दिसते? त्यावरून काय वाटते?"

"टीचर, परत थांबयलो? फुडें व्हरात मगो!" रुद्रेश ओरडायचा. थांबवायच्या त्या आणि शिव्या खायच्या मी. तरीही सांगतो, इतका मान मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता.

मग टीचरांनी राक्षसाच्या मरणावर निबंध लिहायला सांगितला. वह्या जमा झाल्या, तर बहुतेकांत एकच वाक्य. राक्षस हे दुष्टतेचे प्रतीक आहे. सरळ गाइडमधून उचललेले! टीचर म्हणाल्या, "मत कुठलेही चालेल. पण त्याचा पुरावा सिनेमात दाखवायला हवा. नाही दाखवता आला, तर खोडा आणि नवे लिहा."

तेव्हा सुर्ल्याची सिद्धी उभी राहून वाचू लागली, "राक्षस मेला तेव्हा मला आनंद झाला नाही."

वर्ग हसला. "राकेसाची नात गो तूं!" रुद्रेश म्हणाला.

सिद्धीचे डोळे भरले, पण ती वाचत राहिली. "कारण गावातली एक बाई नाचत नाही."

"खंयची बाई? थंय सगळींच नाचतात!"

खरे म्हणजे ती बाई टीचरांनीही पाहिली नव्हती. सिद्धीचे वडील दत्तप्रसाद खाणीवर ट्रक चालवायचे. खाण बंद पडली आणि ते गुजरातेत गाडी चालवायला गेले. घरी येतात ते फक्त गणपतीच्या चवथीला. हे वर्गाला ठाऊक होते. पोरीला बापाची आठवण येते म्हणून नसते ते दिसते, असेच सगळ्यांना वाटले. तिचा शब्द खरा की खोटा, ते आता माझ्या एका बटणावर येऊन ठेपले.

आणि नेमका तेव्हाच मी अडलो. टीचरांनी बटण दाबले, चित्र सरकून गेले. मागे नेऊन पुन्हा दाबले, पुन्हा निसटले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. टीचरांनी मला तळहातावर आपटले, ओढणीने पुसले आणि जीव खाऊन बटण दाबले. चित्र थांबले.

विहिरीमागे एक बाई उभी होती. तिच्या हातात पालथी टोपली होती, आणि ती अर्ध्या खाल्लेल्या डोंगराकडे पाहत होती.

"ती आधीपण आसा, टीचर," सिद्धी हळूच म्हणाली. टीचरांनी सिनेमा मागे नेला. राक्षसाच्या तोंडातून सांडलेले दगड तीच बाई टोपलीत वेचत होती. त्या दगडांवर तिचे घर चालत होते.

मग रुद्रेश म्हणाला, "टीचर, शेतां दाखयलीं थंयय थांबयात." त्याच्या घरच्या शेतात खाणीचा लाल चिखल भरला होता. राक्षस मेल्याचा त्याला मनापासून आनंद झाला होता आणि आता त्यालाही पुरावा हवा होता. दोघांनी एकमेकांच्या उलट निबंध लिहिले. टीचरांनी ते दोन्ही वर्गाला वाचून दाखवले आणि एकही ओळ खोडली नाही. सिद्धीने शेवटी लिहिले होते, "राक्षस मेला ते बरे झाले असेल. पण त्याच्यामागोमाग कोणाला गाव सोडावे लागले, ते सिनेमा सांगत नाही."

आता शाळेत स्मार्ट बोर्ड आहे. मी कपाटाच्या खणात खडूंच्या तुकड्यांत पडून असतो. रागावलो नाही म्हटले तर खोटे ठरेल. पण या अंधारात मला आठवण येते ती एका अंगठ्याची.

त्या वर्षी चवथ आटोपून दत्तप्रसाद परत निघाले, त्या दिवशी सिद्धी त्यांना शाळेत घेऊन आली. त्यांची बॅग दाराशीच होती. टीचरांनी सिनेमा लावून मला त्यांच्या हातात दिले. सिद्धीने सांगितले तिथे त्यांनी दाबले, आणि मी पहिल्या झटक्यात चित्र थांबवले. मुलांच्या बाकात गुडघे कसेबसे कोंबून ते त्या बाईकडे पाहत राहिले.

"फुडें हिचें कितें जालें गो?"

"सिनेमा थंयच सोंपता, बाबा. चालू कर. तुजी बस चुकतली."

अंगठा माझ्यावरच होता. त्यांनी दाबला नाही.

"राव गो बाय. मातशें राव."

थोडे थांब म्हणाले ते, आणि मी चित्र धरून ठेवले. बस काही मला थांबवता आली नाही.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तू जपा असे सांगतात. मला जपा किंवा नका जपू. पण तुमच्या घरी कोणी थोड्या दिवसांसाठी आले असेल, तर त्यांच्याशेजारी जाऊन बसा, आणि पुढचे बटण त्यांना दाबू द्या.