क्लेमचा डावा पाय

पिकअपचा क्लच घसरायला लागला त्याच संध्याकाळी क्लेम पेनरोजने गुन्हेगार ठरवून टाकला. तो नेहमीप्रमाणे घरातच सापडला.

"बायकांना क्लचवरचा पाय उचलता येत नाही," असं त्याने क्लबमध्ये चारचौघांत जाहीर केलं आणि घरी येऊन बायकोकडची किल्ली आपल्या खिशात टाकली.

त्याची बायको मर्ना स्मोकी बे या किनाऱ्यावरच्या गावात, एका शेडमध्ये कालवं उघडायची. शेतापासून तिथवर जायला दुसरं वाहन नव्हतं. आठवडाभर ती कुणाच्या ना कुणाच्या गाडीतून, रोज उशिरा पोचत होती. शेवटी मुकादमाने सांगितलं, "सोमवारपासून वेळेवर येणार असलीस तर ये, नाहीतर मी दुसरी बाई बघतो." क्लेमला याचं विशेष काही वाटलं नाही. कालवं उघडणं ही त्याच्या मते नोकरीच नव्हती. घरातलं वाणसामान त्याच पगारातून येतं, हे त्याला अजून कुणी लिहून दिलं नव्हतं.

शुक्रवारी दोघं झोरानच्या गॅरेजात गेली. झोरानने हँडब्रेक ओढला, चौथा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. इंजिन धक्का खाऊन बंद पडायला हवं होतं. ते निवांत घुरघुरत राहिलं आणि जळकट वास सुटला.

"क्लचची प्लेट गेली," झोरान म्हणाला.

"मी पहिल्या दिवसापासून तेच सांगतोय," क्लेम म्हणाला. पहिल्या दिवशी त्याने गिअरबॉक्स सांगितला होता, दुसऱ्या दिवशी डिझेलमधलं पाणी.

झोरानने पेडल हाताने दाबून पाहिलं. वरची मोकळी चाल ठीक होती. गाडीखाली शिरून पाहिलं, तेल कुठे गळत नव्हतं. "मग कुणीतरी चालवताना पेडलवर पाय टेकवून बसतंय. नवी प्लेट टाकतो, पण तो पाय असाच राहिला तर तीही जाईल."

"तो पाय हा बघ, इथे उभा आहे." क्लेमने मर्नाच्या बुटांकडे बोट दाखवलं.

"काय गं मर्ना?" झोरानने विचारलं.

"मी काय बोलू? साहेबांनी निकाल दिलाय."

"मग चक्कर मारू," झोरान म्हणाला. "दोघं आळीपाळीने चालवा. आधी तू, क्लेम."

झोरान मध्ये बसला, मर्ना खिडकीशी. क्लेमने डावा पाय पेडलपासून लांब असा ठेवला होता, जणू त्याचा फोटो काढायचा आहे.

"बघ झोरान, याला म्हणतात चालवणं. गिअर पडला की पाय बाजूला. माझ्या बापाने शिकवलंय. हिच्या बापाने हिला काय शिकवलं, देव जाणे."

गव्हाची उंच कोठारं मागे पडली. पाय जागचा हलला नाही. झोरानने एकदा मर्नाकडे पाहिलं, आणि मर्नाला सोमवार हातातून जाताना दिसला. पण याच गाडीत शेजारी बसून तिने तो पाय तीस वर्षं पाहिला होता. तो क्लेमच्या डोक्याच्या हुकुमात नव्हता. तो त्याच्या जिभेच्या हुकुमात होता.

"क्लेम," ती बाहेर बघत म्हणाली, "शनिवारी फुटबॉलच्या मॅचमध्ये अंपायरने शेवटची फ्री किक दिली ना, ती बरोबरच होती म्हणे."

"कोण म्हणतं?"

"सगळेच. मलाही वाटलं तसं."

"तुला वाटलं? अगं, त्या आंधळ्याला चेंडू कुठला आणि स्वतःचं डोकं कुठलं ते कळत नाही! मी दहा पावलांवर उभा होतो..."

पाय सरकत पेडलवर आला. खालून बारीक, किरटा आवाज सुरू झाला. झोरानने क्लेमच्या गुडघ्यावर टकटक केली. पाय उचलला गेला, आवाज थांबला.

"हां, बोल. आंधळा, मग?" झोरान म्हणाला.

"तर तो आंधळा सरळ त्यांच्या पोराकडे..." आवाज पुन्हा सुरू. पुढे चढ लागला. इंजिन गर्जायला लागलं, गाडी मात्र रेंगाळली.

"क्लेम, तुझा पाय बघ."

क्लेमने खाली पाहिलं. शेजाऱ्याचं कुत्रं आपल्या स्वयंपाकघरात दिसावं, तसं.

"हिने विषय काढला म्हणून!"

"विषय पेडल दाबत नाही, गड्या. आणि पाय टेकला की ओरडतंय ते क्लचचं बेअरिंग, ते एका दिवसात असं रडायला लागत नाही."

परत येताना मर्नाने चालवलं. क्लेमने तिचा स्वयंपाक काढला, तिची आई काढली, अॅडलेडची बहीणसुद्धा सोडली नाही. मर्नाने सगळं ऐकून घेतलं. गेली तीस वर्षं ती हेच ऐकत होती, आणि तेवढ्या काळात तिचा पाय शांत राहायला शिकला होता. खालून एकदाही आवाज आला नाही.

"उद्या संध्याकाळी तयार होईल," गॅरेजात झोरान म्हणाला. "किल्ली कुणाला द्यायची?"

"मला," मर्ना म्हणाली. "सोमवारी उजाडताच शेडवर पोचायचंय."

"आणि मी?" क्लेमने विचारलं.

"तुला कुठे जायचं असेल तिथे सोडते की."

क्लेमने खिशातली किल्ली काढून बाकावर ठेवली. मग झोरानला म्हणाला, "ही बेअरिंगं हल्ली कंपनीतूनच खराब येतात."

झोरानने जॅक गाडीखाली सरकवला. मर्ना मुकादमाला फोन लावत होती.